खारें पाणी गोडें करण्याची विद्या : शेतकऱ्यांच्या मुलांस एक उपयुक्त व्यवसाय

मुलगा बारावी झाला, मुलगी चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाली, आतां त्यांस कोणत्या वाटेस लावावें, हा प्रश्न आज प्रत्येक शेतकरी कुटुंबास पडतो. वैद्यकी, वकिली, सरकारी नोकरी आणि संगणकाचें काम एवढ्याच वाटा बहुतेकांच्या नजरेसमोर असतात. ज्याचा शेतीशीं निकट संबंध आहे, ज्यांत शेतकऱ्याच्या मुलाचें लहानपणापासूनचें ज्ञान फुकट जात नाहीं, आणि ज्याची गरज पुढें वाढतच जाणार आहे, अशा एका व्यवसायाची ओळख आपल्या सभासदांस व्हावी, या हेतूनें हा लेख लिहिला आहे. हा व्यवसाय म्हणजे पाणी शुद्ध करण्याचा व खारें पाणी गोडें करण्याचा. त्याची नुसती स्तुति करणें हा येथें उद्देश नाहीं. त्यांत काय करावें लागतें, तो कोठें उपयोगीं पडतो आणि कोठें पडत नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. कारण अपुऱ्या माहितीवर मुलांचीं चार वर्षें आणि घरचे चार पैसे खर्चीं पडूं नयेत.

खारेपणा म्हणजे काय ?— पावसाचें पाणी आकाशांतून पडतें तेव्हां तें जवळ जवळ क्षाररहित असतें. जमिनीवरून वाहतांना आणि मुरूम-खडकांतून झिरपतांना तें चुना, मॅग्नेशियम, सोडियम यांचे क्षार विरघळवून बरोबर घेतें. एका लिटर पाण्यांत एकंदर किती मिलिग्रॅम क्षार विरघळले आहेत, या आंकड्यावरून पाण्याचा खारेपणा ठरवितात. आपल्या देशांत ठरविलेल्या प्रमाणाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत हा आंकडा ५०० पर्यंत असावा. दुसरें पाणी मिळण्यासारखें नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावा. समुद्राच्या पाण्यांत तो सुमारें ३५,००० असतो. म्हणजे एका लिटरांत ३५ ग्रॅम मीठ. या दोहोंच्या मधलें जें पाणी, त्यास आपण मचूळ म्हणतों.

वऱ्हाडांतील वाचकांस मचूळ पाणी म्हणजे काय हें समजावून देण्याची गरज नाहीं. तापीस मिळणाऱ्या पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांस अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत साडेचार लक्ष हेक्टरांहून अधिक मुलूख खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. तेथें काळीभोर जमीन आहे, विहिरीला पाणीहि आहे. परंतु तें पाणी ना धड पितां येतें, ना पिकाला देतां येतें. दिलें तर त्यांतील सोडियम मातीच्या कणांस धरून बसतो, माती चिकट होऊन तिचीं छिद्रें बंद होतात, पावसाचें पाणी आंत मुरत नाहीं, आणि उन्हाळ्यांत ढेकळें दगडासारखीं होतात. म्हणून शेतांत विहीर असूनहि त्या भागांतील शेतकऱ्यास कोरडवाहू कपाशी, तूर आणि हरभरा यांवरच भिस्त ठेवावी लागते. पाण्यांत क्षार किती आहेत हें जसें पाहावें लागतें, तसें ते कोणते आहेत हेंहि पाहावें लागतें. चुना व मॅग्नेशियम यांच्या मानानें सोडियम फार झाला, कीं मातीची घडण बिघडते. ही गोष्ट शेतकऱ्याच्या मुलास ढेकूळ हातांत घेतांच कळते. शहरांतल्या मुलास ती पुस्तकांतून शिकावी लागते. या फरकाकडे पुढें पुन्हां यावयाचें आहे.

शुद्ध करणें आणि गोडें करणें.— या दोन गोष्टी सामान्यतः एकच समजल्या जातात. पण त्या वेगळ्या आहेत. गढूळ व रोगजंतुयुक्त पाणी स्वच्छ करणें हें पहिलें काम. त्यासाठीं पाण्यांत तुरटी घालून गाळ खालीं बसवितात, वरचें पाणी वाळूच्या थरांतून गाळतात आणि शेवटीं क्लोरीन देऊन उरलेले जंतु मारतात. शहरांच्या नळाचें पाणी बहुतेक याच रीतीनें तयार होतें. या साध्या क्रियेचें महत्त्व किती आहे तें १८९२ सालीं जर्मनींत दिसून आलें. हांबुर्ग आणि आल्टोना हीं शेजारशेजारचीं गांवें एल्ब नदीचेंच पाणी पीत असत. आल्टोना खालच्या अंगास असल्यामुळें त्याच्या वांट्यास आलेलें पाणी अधिकच घाण होतें. पण तेथें तें वाळूंतून गाळून घेत, हांबुर्ग येथें गाळीत नसत. पटकीची सांथ आली तेव्हां हांबुर्ग येथें आठ हजारांवर माणसें दगावलीं, आणि आल्टोना त्या मानानें पुष्कळच बचावलें. वाळूच्या एका थरानें जें केलें, तें त्या काळच्या कोणत्याहि औषधास करतां आलें नसतें.

परंतु विरघळलेलें मीठ वाळूंतून सरळ पार जातें आणि तुरटीसहि दाद देत नाहीं. तें काढून टाकणें हें दुसरें व अधिक कठीण काम होय. त्याच्या दोन मुख्य रीति आहेत.

वाफेची रीति.— पाणी तापवून त्याची वाफ करावी आणि ती थंड करून पाणी धरावें, ही रीति फार जुनी आहे. चिली देशाच्या वाळवंटांत लास सालिनास येथें १८७२ सालीं चार्ल्स विल्सन या इंजिनिअरानें कांचेच्या उतरत्या छपरांखालीं खारें पाणी उन्हांत ठेवून गोडें पाणी मिळविण्याचा मोठा कारखाना उभारला. सुमारें साडेचार हजार चौरस मीटर जागेंतून दिवसाला सुमारें २२ हजार लिटर पाणी निघे, आणि त्यावर खाणींतील माल वाहणाऱ्या खेचरांची तहान भागे. ऊन फुकट असलें तरी जागा किती लागते, हें या आंकड्यांवरून वाचकांच्या ध्यानीं येईल : एका चौरस मीटरास दिवसाकाठीं जेमतेम पांच लिटर.

सर्पण किंवा तेल जाळून हेंच काम करावयाचें म्हटलें, तर एक लिटर उकळत्या पाण्याची वाफ करण्यास सुमारें ५४० किलोकॅलरी उष्णता लागते. एवढी उष्णता एकदां वापरून टाकून देणें परवडत नाहीं. म्हणून पहिल्या भांड्यांतील वाफेनें दुसरें भांडें तापवावयाचें, दुसऱ्यांतील वाफेनें तिसरें, अशी युक्ति करतात. पुढच्या प्रत्येक भांड्यांत हवेचा दाब कमी ठेवला म्हणजे पाणी कमी उष्णतेवर उकळतें. उंसाच्या पट्ट्यांतील वाचकांनीं ही युक्ति प्रत्यक्ष पाहिलेली आहे. साखर कारखान्यांत उंसाचा रस आटविण्यासाठीं जीं भांडीं ओळीनें लावलेलीं असतात, त्यांचें तत्त्व तेंच. नॉर्बर्ट रिल्यू यानें १८४३ सालीं अमेरिकेंत त्याचें पेटंट घेतलें होतें. साखरवाल्यास आटलेला रस हवा असतो, पाणीवाल्यास निघालेली वाफ हवी असते, एवढाच भेद. आपल्या देशांतहि या रीतीचा एक सुंदर नमुना आहे. लक्षद्वीपांतील कवरत्ती बेटावर २००५ सालापासून दररोज एक लक्ष लिटर पाणी करण्याचा कारखाना आहे. त्यांत जळण मुळींच जाळीत नाहींत. समुद्राच्या पृष्ठभागावरील कोमट पाण्याची अत्यंत कमी दाबांत वाफ करतात, आणि सुमारें साडेतीनशें मीटर खोलीवरून आणलेल्या थंड पाण्यानें ती निववितात. वीज लागते ती पंपांपुरती.

दाबाची रीति.— कैरीच्या फोडींस मीठ लावून ठेवलें म्हणजे त्यांस पाणी सुटतें. खारवट जमिनींत ओल असूनहि रोपें माना टाकतात. या दोन्ही गोष्टींचें कारण एकच आहे. फोडीचें किंवा मुळाचें पातळ पटल पाण्यास जाऊं देतें, पण मिठास सहसा जाऊं देत नाहीं. आणि अशा पटलाच्या दोन बाजूंस कमीअधिक खारें पाणी असेल, तर गोड्या बाजूचें पाणी खाऱ्या बाजूकडे ओढलें जातें. यास परासरण म्हणतात. आतां खाऱ्या बाजूवर पुरेसा दाब दिला तर क्रिया उलटते : पाणी खाऱ्या बाजूकडून गोड्या बाजूस येतें आणि मीठ मागें राहतें. घरोघरीं ज्यास "आर. ओ." म्हणतात तें यंत्र या उलट्या परासरणावरच चालतें.

दाब किती लागतो हें विहिरीच्या भाषेंत सांगतां येईल. समुद्राच्या पाण्याची नैसर्गिक ओढ थोपवून धरण्यासच सुमारें २७० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब लागतो. आणि प्रत्यक्ष पाणी मिळवावयाचें तर सहाशें मीटर खोल विहिरींतून उपसा करावा तितका. दोन हजार मिलिग्रॅमांच्या मचूळ पाण्यास मात्र साधारण शंभर मीटरांच्या उपशाइतका दाब पुरतो. मचूळ पाणी गोडें करणें समुद्रापेक्षां स्वस्त कां, याचें उत्तर यांतच आहे.

असें पटल माणसानें बनविणें फार दिवस साधलें नव्हतें. जें बने त्यांतून पाणी इतकें हळू येई कीं उपयोग शून्य. १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेंत सिडनी लोब आणि भारतांत जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन या दोघांनीं ही अडचण दूर केली. त्यांनीं केलेल्या पटलास वर अत्यंत पातळ व घट्ट साय आणि खालीं सच्छिद्र आधार होता. त्यामुळें मीठ अडलें आणि पाणीहि भरपूर आलें. त्याचा पहिला सार्वजनिक उपयोग १९६५ सालीं त्याच प्रांतांतील कोअलिंगा या लहान गांवीं झाला. या गांवाला पूर्वीं पिण्याचें पाणी रेल्वेनें आणावें लागे. आणि २०१६ सालीं मिरजेहून लातूरला आगगाडीनें पाणी गेलें तें ज्यांच्या स्मरणांत आहे, त्यांस त्या गांवाची अवस्था वेगळी सांगावयास नको. आज हीच रीति जगभर पसरली आहे. चेन्नईजवळ मिंजूर येथें २०१० सालीं व नेम्मेली येथें २०१३ सालीं सुरू झालेले कारखाने प्रत्येकीं दररोज १० कोटि लिटर पाणी करण्याच्या ताकदीचे आहेत. सौदी अरेबियांत रास अल-खैर येथें वाफ व दाब या दोन्ही रीति एकत्र वापरून दररोज सुमारें १०० कोटि लिटर पाणी करण्याची सोय आहे.

क्षारांचा जमाखर्च.— येथवर वाचून एखाद्यास वाटेल, कीं प्रश्न सुटला. यंत्र आणावें, बटण दाबावें आणि गोडें पाणी प्यावें. या व्यवसायाचें खरें मर्म याच्या पुढें आहे. यंत्र मिठाचा नाश करीत नाहीं. तें फक्त मीठ एका बाजूस सारतें. म्हणून जितका क्षार यंत्रांत शिरला, तितका कोठें तरी बाहेर आलाच पाहिजे.

एका खेड्याचें उदाहरण घेऊं. हजार वस्तीच्या गांवांत माणशीं पांच लिटर पिण्याचें पाणी द्यावयाचें, म्हणजे रोज ५,००० लिटर. विहिरीच्या पाण्यांत लिटरामागें २,००० मिलिग्रॅम क्षार आहेत आणि यंत्रांत घातलेल्या पाण्यापैकीं निम्में गोडें होऊन निघतें, असें धरूं. तर रोज १०,००० लिटर पाणी उपसावें लागेल, आणि त्यांत २० किलो क्षार असतील. गोड्या पाण्यांत लिटरामागें १०० मिलिग्रॅम उरले तर त्याबरोबर अर्धा किलो जाईल. बाकीचे साडेएकोणीस किलो उरलेल्या ५,००० लिटर पाण्यांत राहतील. म्हणजे तें पाणी मूळच्या जवळ जवळ दुप्पट खारें होईल. हा हिशेब वर्षाचा केला तर सात टनांवर क्षार होतात. हें पाणी नाल्यांत सोडलें तर खालच्या शेतकऱ्याच्या विहिरींत जाईल, आणि यंत्राच्या मागें असलेल्या शेतांत सोडलें तर चार-पांच वर्षांत तें शेत निकामी होईल. प्लास्टिक अंथरलेल्या उथळ तळ्यांत सांठवून उन्हानें आटवावें म्हटलें, आणि पाऊस वजा जातां दिवसाला सरासरी पांच मिलिमीटर पाणी उडतें असें मानलें, तर सुमारें दहा गुंठे जागा लागेल. तिची तजवीज आधीं कोणी केली आहे ? भांडीं घासणें, फरशी धुणें, शौचकूप स्वच्छ करणें यांकडे त्यांतलें कांहीं पाणी वळवितां येतें. पण तेथूनहि तें शेवटीं जातें कोठें, हें पाहिलेंच पाहिजे.

असा जमाखर्च मांडणें, आणि तो जुळल्यावांचून यंत्र बसवूं न देणें, हें चांगल्या इंजिनिअराचें पहिलें कर्तव्य होय. मुख्य कसोटी हीच आहे, हें पुढील हकीकतीवरून दिसेल.

यूमा येथील धडा.— कोलोरॅडो नदी अमेरिकेंतून मेक्सिकोंत जाते. अमेरिकेच्या आरिझोना प्रांतांत वेल्टन-मोहॉक नांवाचा बागाइती मुलूख आहे. पाटाच्या अति पाण्यानें तेथील जमिनी चिबड होऊं लागल्या, तेव्हां जमिनींतलें खारें पाणी पंपांनीं उपसून १९६१ सालापासून नदींत सोडण्यांत आलें. खालीं मेक्सिकोंत मेक्सिकालीच्या खोऱ्यांतील शेतकरी तेंच पाणी पिकांस देत होते. त्यांचीं पिकें बिघडलीं आणि दोन देशांत तंटा उभा राहिला. १९७३ सालीं करार झाला, १९७४ सालीं अमेरिकेनें कायदा केला, आणि त्याप्रमाणें यूमा येथें दाबाच्या रीतीनें पाणी गोडें करण्याचा प्रचंड कारखाना बांधण्याचें ठरलें. तो १९९२ सालीं पुरा झाला. एकतृतीयांश ताकदीवर कांहीं महिने चालतो न चालतो, तोंच १९९३ सालच्या पुरानें त्यास पाणी पुरविणारे चर फुटले आणि कारखाना थांबला. त्यानंतर थोड्या मुदतीच्या चाचण्यांपलीकडे त्याचा उपयोग झाला नाहीं.

मधल्या काळांत तंटा कसा मिटला ? कारखाना उभा राहण्याआधींच त्या खाऱ्या पाण्यासाठीं नदीबाहेरून एक वेगळा पाट काढून तें समुद्राच्या दिशेनें सोडण्यांत आलें; आणि वेल्टन-मोहॉक येथील शेतें सपाट करून, पाट बांधून काढून, मुळांत वाया जाणारें पाणीच कमी करण्यांत आलें. तो पाट जेथें संपतो त्या सांता क्लाराच्या दलदलींत पुढें पाणपक्ष्यांचें मोठें वसतिस्थान झालें. यंत्रविद्या खोटी होती असें नव्हे; पटलें आपलें काम करीत होतीं. पण जें काम सपाट शेतानें आणि साध्या पाटानें झालें, त्यासाठीं कोट्यवधि डॉलरांचा कारखाना लागला नाहीं. मात्र पाट खोदला म्हणजे क्षारांचा हिशेब मिटला, असेंहि समजूं नये. कोअलिंगा ज्या खोऱ्यांत आहे, त्याच सॅन वाकीन खोऱ्यांतील शेतांचें निचऱ्याचें पाणी केस्टर्सन येथील तळ्यांत सोडलें जात असे. त्या पाण्याबरोबर आलेल्या सेलेनियमामुळें तेथील पक्ष्यांचीं पिलें विकृत निपजूं लागल्याचें १९८३ सालीं आढळून आलें, आणि तीं तळीं बंद करावीं लागलीं.

शेतीस हें पाणी परवडेल काय ?— हा प्रश्न आपल्या वाचकांच्या मनांत प्रथमपासून असेल. समुद्राचें हजार लिटर पाणी गोडें करण्यास चांगल्या कारखान्यांतहि तीन ते चार युनिट वीज लागते. एका एकरास पांच सेंटिमीटर पाण्याची एक पाळी द्यावयाची, तर सुमारें दोन लक्ष लिटर पाणी लागतें. म्हणजे एका पाळीस ७०० युनिट वीज, आणि यंत्राचा खर्च वेगळा. ज्वारी, गहूं किंवा ऊंस यांस हा बोजा सोसणार नाहीं. कांचगृहांतील भाजीपाला, फुलें किंवा रोपवाटिका अशा मोठ्या किंमतीच्या मालास मचूळ पाणी गोडें करून देणें कोठें कोठें परवडतें, इतकेंच म्हणतां येईल.

शिवाय असें पाणी पिकास जसेंच्या तसें मानवत नाहीं. इस्राएलमध्यें आश्केलोन येथील मोठा कारखाना २००५ सालीं सुरू झाला व त्याचें पाणी शेतींतहि जाऊं लागलें. २००७ सालीं तेथील शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें, कीं पटलानें मिठाबरोबर मॅग्नेशियमहि काढून टाकल्यामुळें पिकांत त्याची उणीव पडते. बोरॉनची गोष्ट याच्या उलट. समुद्राच्या एका लिटर पाण्यांत तो चार-पांच मिलिग्रॅम असतो, पटलांतून तो सहज निसटतो, आणि लिंबूवर्गीय झाडांस थोडाहि अधिक झाला तर बाधतो. म्हणजे माणसास गोड लागलें तें पाणी झाडास चांगलेंच असतें, असा नियम नाहीं. या विद्येंत शेतीचें ज्ञान असलेली माणसें हवींत, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता पाहिजे ?

आपल्या खारपाणपट्ट्यापुरतें बोलावयाचें तर शेतीसाठीं पावसाचें गोडें पाणी शेततळ्यांत अडविणें, जमिनीस निचरा करून देणें आणि माती तपासून जिप्सम घालणें, हाच मार्ग स्वस्त व टिकाऊ आहे. पिण्यासाठीं सातपुड्याच्या पायथ्याच्या धरणांतून नळानें पाणी आणणें जेथें शक्य आहे, तेथें तें करावें. जेथें नळ पोंचत नाहीं किंवा उन्हाळ्यांत कोरडा पडतो, तेथें गांवचें लहान यंत्र उपयोगीं आहे. तिन्ही उपाय ज्याला समजतात आणि कोणता कोठें लावावा हें जो पैशाचा हिशेब करून सांगूं शकतो, तोच या विद्येंतला खरा जाणता.

प्रत्यक्ष काम कसें असतें ?— या व्यवसायांत नुसतें टेबलापाशीं बसून नकाशे काढणें नसतें. कारखान्यांतल्या माणसाचा दिवस पाण्याचे नमुने घेण्यानें सुरू होतो. आंत येणारें पाणी किती गढूळ, किती खारें, किती आम्ल. बाहेर जाणारें कसें. पटलाच्या अलीकडे व पलीकडे दाब किती. हे आंकडे वहींत टिपावे लागतात. दाब थोडा थोडा वाढूं लागला, कीं पटलावर चुन्याचा थर बसतो आहे किंवा शेवाळ धरतें आहे, हें ओळखून वेळींच आम्लानें अथवा अल्कलीनें धुवावें लागतें. जंतु मारण्यासाठीं घातलेलें क्लोरीन आजच्या प्रचारांतील पटलांस घातक असतें. म्हणून तें पटलापूर्वीं काढून घ्यावें लागतें. ही एक गोष्ट विसरली तर महागडीं पटलें निकामी होतात. रात्रपाळी असते. क्लोरीन वायु, मोठ्या दाबाच्या नळ्या, बंद टाक्या यांपासून धोका असतो, आणि तेथें निष्काळजीपणास क्षमा नाहीं.

यंत्र बसविणें एका आठवड्याचें काम आहे. तें दहा वर्षें नीट चालविणें हें खरें काम. खेड्यांतलें यंत्र बंद पडतें तें बहुधा विद्या अपुरी म्हणून नव्हे, तर रोजची वही कोणी लिहिली नाहीं, गाळणी कोणी बदलली नाहीं, आणि नव्या पटलासाठीं पैसे कोणी बाजूस ठेवले नाहींत म्हणून. ज्या घरीं दोन वेळां जनावरांकडे पाहिल्यावांचून कोणी जेवत नाहीं, त्या घरच्या मुलास या शिस्तीचें मोल वेगळें सांगावें लागत नाहीं.

शिक्षण.— या व्यवसायांत शिरण्याच्या तीन वाटा आहेत. पहिली इंजिनिअरीच्या पदवीची. बारावीस गणित, पदार्थविज्ञान व रसायन हे विषय घेऊन प्रवेशपरीक्षा द्यावी आणि स्थापत्य, रसायन किंवा यंत्र यांपैकीं एका शाखेची पदवी घ्यावी. नळ, टाक्या व धरणें यांकडे ओढ असेल तर स्थापत्य. पटलें आणि क्षार यांकडे असेल तर रसायन. पंप व वाफ यांकडे असेल तर यंत्र. पुढें पर्यावरण-इंजिनिअरींत उच्च पदवी घ्यावयाची सोय मुंबईची आय. आय. टी., नागपूरची विश्वेश्वरय्या राष्ट्रीय संस्था इत्यादि ठिकाणीं आहे. रसायनशाखेसाठीं १९३३ सालीं स्थापन झालेली मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था आणि १९४२ सालीं उघडलेली नागपूरची लक्ष्मीनारायण संस्था प्रसिद्ध आहेत. अकोला व राहुरी येथील कृषि विद्यापीठांत कृषि-इंजिनिअरीची पदवी मिळते. माती, निचरा आणि पाणी हे विषय तिच्यांत असल्यामुळें शेतकऱ्यांच्या मुलांनीं तिचा अवश्य विचार करावा.

दुसरी वाट दहावीनंतरच्या पदविकेची अथवा आय. टी. आय. मधील फिटर, वीजतंत्री अशा शिक्षणाची. कारखाना चालविणारे हात याच वाटेनें येतात, आणि चांगल्या चालकाची वाण मोठ्या इंजिनिअरापेक्षां अधिक आहे. तिसरी वाट रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. होऊन पाणी-तपासणीच्या प्रयोगशाळेंत शिरण्याची. ज्यांस संशोधनाची आवड आहे त्यांच्यासाठीं नागपूर येथें १९५८ सालीं स्थापन झालेली संस्था आहे. आज ती "नीरी" या नांवानें ओळखली जाते, आणि पाण्यांतील फ्लोराइड तुरटी व चुन्याच्या साहाय्यानें काढण्याची नलगोंडा पद्धति तिनेंच प्रचारांत आणली. भावनगर येथें १९५४ पासून मीठ व सागरी रसायनें यांची केंद्रीय संशोधनसंस्था असून पटलांवर तेथें दीर्घकाळ काम झालें आहे.

नोकरीचीं ठिकाणें पुष्कळ आहेत : महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, नगरपालिका व महानगरपालिका, जिल्हा परिषदांचे पाणीपुरवठा विभाग, वीजघरें, औषधांचे व रसायनांचे कारखाने, दूधसंघ आणि साखर कारखाने. सांडपाणी शुद्ध करून पुन्हां वापरण्याचें काम तर सर्वांत झपाट्यानें वाढत आहे. नागपूर शहराचें शुद्ध केलेलें सांडपाणी कोराडीच्या वीजघरास दिलें जातें. शहरानें व कारखान्यानें आपलेंच पाणी असें पुन्हां वापरलें, तर धरणांतील तितकें पाणी इतरांसाठीं मोकळें राहतें, हा लाभ शेतकऱ्यांनीं ओळखला पाहिजे. आखाती देशांतहि या कामांत भारतीय माणसांस मागणी असते. परंतु तिकडे जाण्यापूर्वीं कराराचा कागद जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावा, आणि मध्यस्थास आगाऊ पैसे देऊं नयेत. मुलींसाठीं हें क्षेत्र बंद आहे असा समज कोणी करून घेऊं नये. पाण्याचा घडा जिनें वाहिला आहे, तिला या कामाचें महत्त्व इतरांहून अधिकच कळतें.

शेवटचा विचार.— कोणताहि व्यवसाय मुलांस सुचवितांना त्यांत मिळकत किती, एवढेंच पाहून चालत नाहीं. त्या व्यवसायांत आपल्या लोकांचें हित पाहणारा कोणी आहे कीं नाहीं, हेंहि पाहावें लागतें. पुढील काळांत गांवोगांव पाण्याचीं यंत्रें येणार. तीं कोठें बसवावीं, त्यांचें खारें पाणी कोणाच्या बांधावर सोडावें, कोणत्या गांवीं यंत्राऐवजीं तळेंच बरें, हे निर्णय कागदावर कोणी तरी करणारच. ते करणारा माणूस ज्याचें शेत कधींच क्षारांनीं गेलें नाहीं असा असेल, तर बाहेर पडणाऱ्या पाण्याचा रकाना कोरा राहण्याचा संभव अधिक. ज्यानें पांढरी पडलेली जमीन डोळ्यांनीं पाहिली आहे, तो तो रकाना भरल्यावांचून सही करणार नाहीं. शहरांतल्या विद्यार्थ्याहून आपल्या मुलास इंग्रजी थोडें कमी येत असेल, यंत्रांची ओळख उशीरां झाली असेल. त्या उणिवा दोन वर्षांच्या अभ्यासानें भरून निघतात. मात्र क्षार जमिनींत काय करतो ही जाण चार वर्षांच्या पदवीनेंहि सहसा येत नाहीं, आणि ती आपल्या मुलांजवळ आधींच आहे.

तेव्हां ज्यांच्या घरीं गणित व रसायन यांची आवड असलेलें मूल आहे, त्यांनीं या सुट्टींत एक गोष्ट करावी. आपल्या विहिरीचें पाणी बाटलींत भरून जवळच्या तपासणी केंद्रावर मुलाबरोबर न्यावें, आणि जो आंकड्यांचा कागद मिळेल तो त्यालाच समजावून सांगावयास लावावें. कागदावरचा सोडियमाचा आंकडा आणि शेतांतलें ढेकूळ यांचा संबंध त्यानें आपण होऊन जोडला, तर त्याची वाट कोणती, हें दुसऱ्या कोणास विचारण्याची गरज उरणार नाहीं.